मेक अप फॉर

मेक अप फॉर : उणीव, नुकसान, चूक किंवा वाया गेलेला वेळ यांची भरपाई करणे या अर्थाचे इंग्रजी क्रियापद. ‘मेक’ हे मूळ क्रियापद, ‘अप’ हे त्याला जोडलेले अव्यय आणि ‘फॉर’ हे प्रिपोझिशन (नामाआधी येऊन संबंध दाखवणारा शब्द) अशी त्याची त्रिपदी रचना आहे. लॅटिनमधून आलेल्या ‘कॉम्पेन्सेट’शी त्याचा अर्थ बराचसा जुळतो. कायदा व विमा यांच्या भाषेत ‘कॉम्पेन्सेट’ला प्राधान्य मिळते, तर बोलण्यात आणि साध्या गद्यात ‘मेक अप फॉर’ अधिक चालते.

व्युत्पत्ती : या क्रियापदातील ‘अप’ कोठून आला, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. जुन्या इंग्रजीत (सु. 450–1100) क्रियापदाचा अर्थ बदलण्यासाठी मुख्यतः उपसर्ग वापरले जात. मध्य इंग्रजीत (सु. 1100–1500) हे उपसर्ग मागे पडले आणि क्रियापदानंतर येणाऱ्या अव्ययांनी त्यांची जागा घेतली. एका मतानुसार हा स्कँडिनेव्हियन प्रभाव होय. नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या जुन्या नॉर्स भाषेतील उपसर्ग आधीच झिजलेले होते आणि क्रियापदानंतर अव्यय ठेवण्याची रीत तिच्यात रुळलेली होती. इंग्लंडमधील पीटरबरो येथील मठात लिहिलेल्या वार्षिक वृत्तांताच्या अखेरच्या भागात (सु. 1154) ‘गिव्ह अप’चे जुने रूप आढळते. हे मत मांडणारे त्याकडे बोट दाखवतात. दुसऱ्या मतानुसार अशा रचनांची बीजे जुन्या इंग्रजीतच होती; वाक्यातील शब्दक्रम बदलत जाऊन कर्म क्रियापदानंतर येऊ लागले, तशी ती वाढली. फ्रेंचमधून आलेल्या क्रियापदांनी जुनी उपसर्गयुक्त क्रियापदे हटवली, हे तिसरे कारणही दिले जाते. बदलाचा दीर्घ कालावधी पाहता केवळ नॉर्स संपर्काने तो घडला असे मानणे कठीण आहे. अंतर्गत बदलाला त्या संपर्काने गती दिली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

‘अप’चा मूळ अर्थ ‘वर’ असा आहे. ‘ईट अप’, ‘यूज अप’ यांसारख्या प्रयोगांत तो ‘पूर्णपणे, शेवटपर्यंत’ या अर्थाकडे सरकला. ‘मेक अप’मधील ‘पुरे करणे’ हा अर्थ याच वाटेने आला असावा. तूट पुरी करण्याच्या अर्थाचे प्रयोग साधारणतः सोळाव्या-सतराव्या शतकांपासूनच्या लेखनात दिसू लागतात.

संज्ञेचा वाद : सॅम्युएल जॉन्सनने आपल्या 1755 च्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत अव्यय जोडून अर्थ बदलणाऱ्या क्रियापदांची परकीयांना विशेष अडचण होते, असे नमूद केले आहे. ज्या क्रियापदांच्या सैल व व्यापक अर्थांमुळे कोशाचे काम वाढले, त्यांच्या यादीतही त्याने ‘मेक’ घातले आहे. अमेरिकेत ए. जी. केनेडी यांनी 1920 मध्ये अशा जोड्यांचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. अशा अव्यययुक्त क्रियापदांसाठी ‘फ्रेझल व्हर्ब’ ही संज्ञा लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी 1925 मध्ये वापरली व ती ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचे सांगितले. रँडॉल्फ क्वर्क व सहकाऱ्यांच्या 1985 च्या व्याकरणात ‘मेक अप फॉर’सारख्या त्रिपदी रचनांचा वेगळा वर्ग केला आहे. हडल्स्टन व पुलम यांच्या 2002 च्या व्याकरणात मात्र ‘फ्रेझल व्हर्ब’ ही संज्ञाच टाळली आहे. त्यांच्या मते क्रियापद म्हणजे फक्त ‘मेक’, बाकीचे शब्द त्याची पूरके. अध्यापनात क्वर्क यांची विभागणी सोयीची ठरते. तथापि ‘फॉर विच नथिंग कुड मेक अप’ (ज्याची भरपाई कशानेही होऊ शकली नसती) अशी रचना संभवते व तिच्यात ‘फॉर’ सुटा होतो, हे हडल्स्टन व पुलम यांच्या पक्षाला अनुकूल आहे.

अर्थभेद : ‘मेक अप’ आणि ‘मेक अप फॉर’ यांतील फरक कोशांत पुरेसा स्पष्ट होत नाही. ‘मेक अप द डिफरन्स’ म्हणजे जेवढी रक्कम कमी पडली तेवढीच घालणे. येथे तूट व भरणा एकाच जातीचे असतात. अमेरिकेत चुकलेल्या परीक्षेऐवजी नंतर देण्याच्या परीक्षेला किंवा पावसामुळे रद्द झालेल्या बेसबॉलच्या सामन्याऐवजी पुन्हा खेळल्या जाणाऱ्या सामन्याला ‘मेकअप’ म्हणतात, तेही याच अर्थाने. ‘फॉर’ जोडल्यावर भरपाई वेगळ्या जातीची असली तरी चालते. ‘व्हॉट ही लॅक्ड इन एक्सपीरियन्स, ही मेड अप फॉर इन एनर्जी’ या वाक्यात अनुभव कमीच राहतो. त्याचा परिणाम मात्र उत्साहाने भरून निघतो. या क्रियापदाचे खरे बळ येथे आहे. वेळेच्या बाबतीत ही सीमा पुसट होते : ‘मेक अप लॉस्ट टाइम’ व ‘मेक अप फॉर लॉस्ट टाइम’ हे दोन्ही प्रयोग रूढ आहेत. ‘मेक इट अप टू’ या प्रयोगात दुखावलेली किंवा जिचे ऋण आहे ती व्यक्ती पुढे येते. नैतिक दोषाच्या परिमार्जनासाठी ‘मेक अमेंड्स’ अधिक नेमके आहे.

प्रयोग : कर्म ‘फॉर’नंतरच येते, सर्वनामही मध्ये घालता येत नाही. उच्चारात आघात ‘अप’वर पडतो. कर्मणी प्रयोग होतो. भरपाई तुटीहून मोठी असल्यास ‘मोअर दॅन मेक्स अप फॉर’ असे म्हणतात.

मराठीत ‘भरून काढणे’ हे संयुक्त क्रियापद जवळचे आहे. ‘कसर भरून काढणे’, ‘उणीव भरून काढणे’ यांत ते नित्य येते. त्याचे कर्म थेट येत असल्याने मराठी भाषकांच्या इंग्रजीत ‘फॉर’ गळण्याचा संभव असतो. उशिरा धावणारी गाडी वेग वाढवून वेळेवर येऊ लागली, की ‘गाडीने टाइम मेकअप केला’ असे मराठी बोलण्यातही म्हणतात. त्यात मूळ ‘मेक अप’ आहे, ‘फॉर’ नाही.