आधी स्क्रीन ठरवा, मग प्रोसेसर

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर बाजारात गेमिंग पीसीचं कोटेशन मागितलं, की बोलणं बहुतेकदा ‘आय-फाइव्ह की आय-सेव्हन’ या प्रोसेसरच्या प्रश्नापासून सुरू होतं. बजेट तुटपुंजं असेल तर ही सुरुवातच महागात पडते. आधी मॉनिटर ठरवावा, कारण बाकीच्या भागांवर किती काम पडणार हे तोच ठरवतो.

गेममधली हालचाल म्हणजे एकामागून एक दाखवलेली स्थिर चित्रं, अर्थात फ्रेम्स. ६० हर्ट्‌झच्या मॉनिटरला दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र लागतं, १४४ हर्ट्‌झच्या मॉनिटरला ७ मिलिसेकंदांच्या आत. शत्रू कुठे पोचला, गोळी कशाला लागली याचा हिशेब प्रोसेसर करतो आणि काय काय काढायचं ते ग्राफिक्स कार्डाला कळवतो. कार्ड पिक्सेल रंगवतं. कार्ड एक चित्र रंगवत असताना प्रोसेसर पुढच्याची तयारी करत असतो, त्यामुळे दोघांत जो मागे पडेल त्याचाच वेग आपल्याला मिळतो.

१०८०पी स्क्रीनवर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पीवर ३६.९ लाख आणि ४केवर ८२.९ लाख. स्क्रीन बदलली की कार्डाचं काम असं वाढत जातं. प्रोसेसरचं मात्र जवळपास तेवढंच राहतं, कारण शत्रू तेवढेच असतात! म्हणून व्हॅलोरंटसारखा हलका गेम १०८०पीवर खेळताना बहुधा प्रोसेसर अडतो, तर ‘सायबरपंक २०७७’सारख्या जड गेममध्ये कार्डाला घाम फुटतो. जुना पीसी असेल तर रिझोल्यूशन, म्हणजे पिक्सेलची संख्या, कमी करून बघा. फ्रेम्स वाढल्या नाहीत, तर नवं कार्ड घेऊन काही हाती लागणार नाही.

कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचं गणित थोडं फसवं आहे. २०२१ चं आरटीएक्स ३०६० हे १२ जीबीचं कार्ड, २०२३ चं आरटीएक्स ४०६० हे ८ जीबीचं. नवं कार्ड एरवी जास्त वेगवान आहे आणि त्याची मेमरी सेकंदाला २७२ जीबी माहिती पुरवते. पण गेमची टेक्सचर्स, म्हणजे भिंती-कपडे अशा पृष्ठभागांवर चढवायची चित्रं, त्या ८ जीबीत मावली नाहीत, तर उरलेली पीसीच्या रॅममधून आणावी लागतात. तो रस्ता सेकंदाला जेमतेम १६ जीबीचा, आणि मदरबोर्डवरची कार्डाची जोडणी जुन्या पीसीआयई ३.० प्रकारची असेल तर त्याच्याही निम्मा. मग सरासरी फ्रेम्स चांगल्या दिसूनही खेळ मध्येच अडखळतो. माझ्या मते १०८०पीवर टेक्सचर्स एक पायरी खाली ठेवायची तयारी असेल तर ८ जीबी चालेल. १४४०पीसाठी १२ जीबीखाली उतरू नये.

रॅममध्ये तर पैसे न वाढवता वेग मिळतो. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी देते. १६ जीबीच्या एका पट्टीऐवजी ८ जीबीच्या दोन घेतल्या, तर रॅम आणि प्रोसेसरमधल्या दोन्ही वाटा खुल्या होऊन हा आकडा दुप्पट होतो. दुकानातल्या तयार ‘कॉम्बो’त बऱ्याचदा एकच पट्टी घातलेली असते.

काटकसरीची कात्री सगळ्यात आधी एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर चालते, आणि तिथेच ती चालू नये. ११५ वॉटचं कार्ड आणि ६५ वॉटचा प्रोसेसर यांना चांगला ५५० वॉटचा एसएमपीएस आरामात पुरतो. आकडा ढीगभर वाटेल, पण कार्ड काही मिलिसेकंदांपुरती ठरल्यापेक्षा बरीच जास्त वीज ओढतं. ‘८० प्लस’चा शिक्का फक्त कार्यक्षमता सांगतो, आत शॉर्ट सर्किट किंवा जादा व्होल्टेजपासून संरक्षण आहे का, हे त्यावरून कळत नाही. वॉरंटीची वर्षं बघा.

एसएसडीने गेम लवकर उघडतो, फ्रेम्स सहसा वाढत नाहीत. रंगीत दिव्यांपेक्षा हवा खेळती राहील असं, पुढून जाळी असलेलं कॅबिनेट घ्यावं.

जोडणी झाल्यावर तीन गोष्टी तपासा. मॉनिटरची केबल मदरबोर्डला नव्हे, ग्राफिक्स कार्डालाच लावलेली हवी. बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सोय, चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम कमी वेगानेच धावत राहते. आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट बघा: १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर तिथे कित्येकदा ६० वरच राहिलेला असतो.