यादीतील शोध-फिल्टरचे डीबगिंग

मोबाइल ॲपमध्ये लांबलचक यादीच्या वर शोधाची चौकट असते आणि तिच्यात अक्षरे टाइप होतील तसतशी यादी लहान होत जाते. ही गाळणी चुकते तेव्हा दोष नेमका कोठे आहे हे हुडकून तो दूर करण्याच्या कामाला शोध-फिल्टरचे डीबगिंग म्हणतात. मजकुराची तुलना एका ओळीच्या कोडमध्ये होते, त्यामुळे येथे बिघडण्यासारखे फारसे काही नाही असे वाटते. परंतु मूळ यादी, गाळलेली यादी आणि पडद्यावरच्या ओळी या तिन्ही वेगळ्या गोष्टी असून बहुतेक दोष त्यांचा मेळ तुटल्यामुळे निर्माण होतात.

सर्वांत नेहमीचा दोष मूळ यादीच हातची जाण्याचा. पहिले अक्षर टाइप करताच यादी कोरी होते आणि ते खोडले तरी परत येत नाही. जावा किंवा कोटलिनमध्ये एक यादी दुसऱ्या व्हेरिएबलला दिली म्हणून तिची प्रत होत नाही; दोन्ही नावे एकाच यादीची असतात. गाळलेली यादी रिकामी करण्यासाठी ‘क्लिअर’ चालवले की मूळ यादीही त्याच क्षणी रिकामी होते, पुढचा लूप एकदाही न फिरता संपतो आणि लॉगमध्ये, म्हणजे ॲप चालताना लिहिल्या जाणाऱ्या टिपणांत, एररचा मागमूसही नसतो. अशा वेळी तुलनेची ओळ पुन्हापुन्हा तपासण्यात वेळ दवडू नये. प्रत्येक अक्षरानंतर दोन्ही याद्यांची लांबी लॉगमध्ये छापावी: मूळ यादीत २०० नोंदी असतील, तर काहीही टाइप केले तरी तो आकडा २०० च राहिला पाहिजे.

याच्याच जवळचा दोष म्हणजे भलतीच नोंद उघडणे. गाळल्यानंतर पहिल्या ओळीवर बोट ठेवले असता मूळ यादीतील पहिली नोंद उघडते, कारण ओळीचा क्रमांक गाळलेल्या यादीतला आणि नोंद मूळ यादीतून उचललेली असते. क्रमांकाऐवजी नोंदीचा कायमचा आयडी वापरणे हा उपाय अधिक भरवशाचा आहे. आयओएसच्या यूआयटेबलव्ह्यूमध्ये, म्हणजे यादी दाखवणाऱ्या घटकात, ओळींची संख्या मूळ ॲरेवरून (यादीवरून) आणि ओळींचा मजकूर गाळलेल्या, लहान ॲरेवरून घेतला, तर ॲप थेट क्रॅश होते. हा प्रकार निदान लपून तरी राहत नाही.

अँड्रॉइडमध्ये यादीतील नोंदी पडद्यावरच्या ओळींना पुरवणाऱ्या ॲरेॲडॅप्टरमधील तयार फिल्टर अनेकांना विनाकारण बिघडलेला वाटतो. तो प्रत्येक घटकाच्या ‘टूस्ट्रिंग’ने (घटकाचे मजकुरात रूपांतर करणाऱ्या फंक्शनने) मिळणारा मजकूर तपासतो आणि तोही मजकुराच्या किंवा त्यातील शब्दांच्या सुरुवातीपासूनच; शब्दाच्या मधली अक्षरे तो जुळवत नाही. स्वतःच्या क्लासमध्ये ‘टूस्ट्रिंग’ लिहिलेले नसेल, तर पडद्यावर दिसणाऱ्या नावाऐवजी क्लासच्या नावाशी तुलना होत राहते. स्वतःचा फिल्टर लिहिताना गाळण्याचे काम करणारे ‘परफॉर्मफिल्टरिंग’ बॅकग्राउंड थ्रेडवर (पडद्यामागे समांतर) आणि निकाल दाखवणारे ‘पब्लिशरिझल्ट्स’ पडदा सांभाळणाऱ्या मुख्य थ्रेडवर चालते हे ध्यानात ठेवावे लागते. पहिल्यातच ॲडॅप्टरची यादी बदलल्यास ॲप कधी चालते, कधी कोसळते. यादी दाखवण्यासाठी २०१४ मध्ये आलेल्या रिसायकलरव्ह्यू या घटकामध्ये तयार फिल्टर नाही. त्याच्यासोबतच्या लिस्टॲडॅप्टरला तीच यादी आतून बदलून पुन्हा दिली, तर तो तिच्याकडे दुर्लक्ष करतो. त्याला प्रत्येक वेळी नवी यादी द्यावी लागते.

शोध सर्व्हरवर होत असेल, तर आधीच्या शब्दाचे उत्तर उशिरा पोहोचून नव्या निकालावर चढते. टाइपिंग थांबेपर्यंत किंचित वाट पाहिल्याने हा प्रकार कमी होतो, पण थांबत नाही. उत्तर आल्यावर ते चौकटीतील सध्याच्याच शब्दाचे आहे ना, हे पाहावेच लागते.

एवढे करूनही एखादी नोंद सापडत नसेल, तर संशय मजकुरावर घ्यावा. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलंत जोडून लिहिता येतो, तसाच साधा र, हलंत आणि न दिसणारे जोडचिन्ह अशा क्रमानेही लिहिता येतो. ‘ऱ’ आणि र अधिक नुक्ता ही दोन रूपे युनिकोडच्या नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याच्या प्रक्रियेने) एक होतात. जोडचिन्हाचे रूप मात्र तसेच वेगळे उरते आणि त्यासाठी दोन्ही बाजूंच्या मजकुरात स्वतंत्र बदल करावा लागतो. दोन्ही शब्द पडद्यावर सारखेच दिसत असल्याने येथे अक्षरे छापून उपयोग नसतो, त्यांचे कोड पॉइंट (युनिकोडमधील क्रमांक) छापावे लागतात.