खेड्यात शिरलेले रणगाडे

डिसेंबर 1944 मध्ये जर्मनांनी अमेरिकनांवर चढाई केली त्या आर्डेन्सच्या लढाईचा विषय निघाला की बहुतेकांना बेल्जियममधलं बास्तोन्य हे गाव आठवतं. पण जर्मनांचा मुख्य तडाखा तिथे नव्हताच. तो उत्तरेला, सहाव्या पँझर (म्हणजे रणगाडा) आर्मीकडे सोपवला होता. आणि त्याची एक धार बोथट झाली ती बेल्जियमच्या सीमेवरच्या क्रिंकेल्ट आणि रोखेराथ या एकमेकांना चिकटलेल्या दोन खेड्यांत.

गावाच्या आधारानं रणगाडे अडवण्याचा अनुभव जुना होता. नोव्हेंबर 1917 मध्ये फ्रान्समधल्या कांब्रेला ब्रिटिश रणगाड्यांनी जर्मन फळी फोडली, पण फ्लेस्किएर गावाजवळच्या टेकाडावर जर्मन तोफांनी त्यांना चांगलंच झोडपलं. जून 1940 मध्ये फ्रान्सचे जनरल वेगाँ यांनी सोम आणि एन नद्यांच्या काठी याचीच पद्धत बसवली. एकेक गाव चहूबाजूंनी लढवायचं, रणगाडे मधून गेले तर जाऊ द्यायचे, त्यांच्या मागचं पायदळ अडवायचं. गावं झुंजली, जर्मनांचे रणगाडेही बरेच गेले. पण आत घुसलेल्यांचा समाचार घ्यायला मागे पुरेशी राखीव फौज नव्हती. गावं एकेक करून पडली.

आर्डेन्स म्हणजे दाट जंगल आणि हिवाळ्यात चिखल. रणगाड्यांना रस्ता सोडवत नाही आणि रस्ते खेड्यांतून जातात. 16 डिसेंबरच्या पहाटे चढाई सुरू झाली तेव्हा अमेरिकेची दुसरी इन्फन्ट्री डिव्हिजन उत्तरेला वालरशाइडजवळ स्वतःच हल्ला करत होती. तिच्या उजव्या अंगाला नवखी 99 वी डिव्हिजन लांबलचक आघाडीवर विरळ पसरलेली. 17 तारखेला मेजर जनरल रॉबर्टसननं आपली डिव्हिजन एकाच रस्त्यानं या खेड्यांकडे मागे घेतली, आणि तीही पूर्वेकडून शत्रू अंगावर येत असताना. वाटेत भेटतील त्या तुकड्या त्यानं स्वतः उभं राहून मोर्च्यावर लावल्या. माझ्या मते लढाईचा निकाल या रस्त्यावर ठरला, गल्ल्यांत नव्हे.

त्या रात्री रोखेराथजवळच्या लॉसडेलच्या चौरस्त्यावर लेफ्टनंट कर्नल मॅकिन्लीची बटालियन उभी होती. सुमारे 600 माणसं, रस्त्यावर सुरुंग आणि हातात बझूका, म्हणजे खांद्यावरून रॉकेट डागायची नळी. जर्मनांच्या पँथर रणगाड्याचं समोरचं चिलखत बझूकाला भेदत नाही, म्हणून रणगाडा पुढे जाईपर्यंत दम धरायचा. दुसऱ्यानं मागून रॉकेट सरकवायचं, तारा जोडायच्या, नेम धरणाऱ्याला थाप मारून इशारा द्यायचा आणि बाजूच्या पातळ चिलखतावर मारायचं. चाकपट्टा तुटून अडकलेला एक रणगाडा पेट्रोल ओतून जाळला. दुसऱ्या दिवशी बटालियन मागे आली तेव्हा निम्मी माणसंही उरली नव्हती.

गावात शिरलेल्या रणगाड्यांची गत याहून वाईट. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना दगडी घरं, तोफेची नळी फिरवायला जागा नाही. झाकण लावलं की आतल्यांना भोवतालचं फारसं दिसत नाही. उघडलं तर खिडकीतून गोळी येते. सोबतचं पायदळ मशीनगननं मागेच थोपवलं की रणगाडा आंधळाच. एका घरात अमेरिकन, तर शेजारच्या घरात जर्मन, अशी लढत 18 आणि 19 डिसेंबरला चालली.

तरी 'पायदळानं रणगाडे थोपवले' एवढंच म्हटलं तर तोफखान्यावर अन्याय होईल. मागच्या एल्झेनबॉर्नच्या पठाराकडून तोफा सतत आग ओकत होत्या, गावात शर्मन रणगाडे आणि चाकपट्ट्यांवर स्वतः धावणाऱ्या रणगाडाविरोधी तोफाही होत्या. वेगाँ यांच्या गावांना नेमकं हेच पाठबळ नव्हतं. शिवाय 1940 च्या फ्रेंच शिपायाकडे बझूकाही नव्हता. तो आला 1942 मध्ये.

19 च्या रात्री अमेरिकनांनी खेडी सोडली आणि ते एल्झेनबॉर्नच्या पठारावर जाऊन बसले. या खेड्यांवर चालून आलेली जर्मनांची 12 वी एसएस पँझर डिव्हिजन तोवर दक्षिणेच्या बुटगेनबाखकडे वळली होती. तिथेही एका शेतवाडीभोवती पायदळ, सुरुंग आणि तोफखाना तिची वाट पाहत होते, आणि तिथूनही तिला पुढे जाता आलं नाही.