आयबीएस (क्षोभी आतडे) : कारणे
पोटात कळ, शौचाला जाऊन आल्यावर जरा उतार, तासाभरात पुन्हा तेच. कुणाला जुलाब, कुणाला बद्धकोष्ठ, कुणाला आळीपाळीने दोन्ही. रक्त, शौच, सोनोग्राफी, कोलोनोस्कोपी, सगळे रिपोर्ट नॉर्मल. आपल्याकडे या दुखण्यावर वर्षानुवर्षे ‘जुनी आव’ असा शिक्का बसतो आणि मेट्रोनिडाझोल या अमीबामारक औषधाचे कोर्स घेतले जातात. अमीबा बहुधा सापडतच नाही.

आयबीएसला एकच एक कारण नाही. पण मूळ बिघाड आतड्याच्या रचनेत नसून त्याच्या संवेदनेत आहे, हे बरेच आधी लक्षात आले होते. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात मोठ्या आतड्यात फुगा सोडून तो ६० मिलिलिटरपर्यंत फुगवला. निरोगी माणसांपैकी जेमतेम ६ टक्क्यांना दुखले, रुग्णांपैकी ५५ टक्क्यांना.

ही संवेदना इतकी तीव्र का होते, याचे सर्वांत ठोस उत्तर कॅनडातल्या वॉकर्टन गावाने दिले. मे २००० मध्ये मुसळधार पावसात गुरांचे शेण गावाच्या विहिरीत झिरपले. ई. कोलाय आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जुलाब घडवणारे जिवाणू नळाने घरोघर पोचले. दोन हजारांहून अधिक लोक आजारी पडले, सात दगावले. दोन-तीन वर्षांनी पाहणी झाली, तेव्हा जुलाबाची खात्रीशीर नोंद असलेल्यांपैकी सुमारे ३६ टक्क्यांना आयबीएस होता. जे आजारी पडले नव्हते, त्यांच्यात १० टक्क्यांना. जंतू कधीच गेले होते, आतडे मात्र निवले नव्हते. अशा रुग्णांच्या आतड्याच्या अस्तरात मास्ट पेशी (ॲलर्जीत भाग घेणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) चेताटोकांना बिलगलेल्या दिसतात. त्यांतून झिरपणारी हिस्टामिनसारखी रसायने चेतांना डिवचत राहतात.

वाटणातला कांदा-लसूण, गव्हाची पोळी, छोले यांतल्या काही शर्करा कुणालाच नीट पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांचा वायू करतात. इतरांचे त्यावर पादण्यात भागते, आयबीएसवाल्याला कळ येते.

मनाचे काय? ‘टेन्शन घेऊ नका’ एवढ्यावर रुग्णाची बोळवण करणे चूकच. पण वॉकर्टनमध्येही आधीपासून चिंता किंवा नैराश्य असलेल्यांना धोका जास्त निघाला. मेंदू आणि आतडे यांच्यातली वाट दुहेरी आहे.

जुलाबवाल्यांपैकी साधारण चौथ्या हिश्शाची गोष्टच निराळी: त्यांचे पित्ताम्ल (पित्तातले, चरबी पचवायला मदत करणारे आम्ल) लहान आतड्यात पुरेसे शोषले न जाता मोठ्या आतड्यात उतरते. त्यांना कोलेस्टिरामिन हे पित्ताम्ल बांधून ठेवणारे औषध लागू पडते, आणि मग तो आयबीएस होता का, हाच प्रश्न उरतो.