ऊन पडलंय, मग पुराचा इशारा खोटा?

“आमच्याकडे पावसाचा थेंब नाही, पूर कुठून येणार?” नदीकाठचा हा समज फार जुना. पण पूर काठावरच्या पावसावर ठरत नाही. वरच्या पाणलोट क्षेत्रात काय कोसळलं, त्यावर ठरतो. ते पाणी खाली पोचायला लहान नदीत काही तास लागतात, मोठ्या नदीत चक्क काही दिवस. इशारा देणारी यंत्रणा या उसंतीवरच चालते. वरच्या पुलाखाली टांगलेला रडार सेन्सर पाण्यावर लहरी सोडतो आणि त्या परतायला लागलेल्या वेळेवरून पातळी काढतो. पातळीवरून विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला किती पाणी वाहतंय ते, आणि विसर्गावरून खालच्या काठाला पाणी कधी लागेल त्याचा अंदाज. (डोंगरी ओढ्यांत ही उसंत कधी तासाभराचीही नसते.) पाऊस थांबला की धोका टळला, हेही चूकच: वरचा लोंढा तेव्हा अजून वाटेतच असू शकतो.