अर्थिंगची पिन जाड का असते?

थ्री-पिन प्लगवरचे दोन प्रश्न सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत हमखास भेटतात. वरची, म्हणजे अर्थिंगची, पिन जाड का? तर रोध कमी व्हावा म्हणून. पिनांना उभी फट का? तर पितळ तापून फुगलं की त्याला जागा मिळावी म्हणून. दोन्ही उत्तरं शास्त्रीय वाटतात, पण आकडेमोडीत टिकत नाहीत.

आपल्याकडच्या ६ अँपिअरच्या प्लगमध्ये फेज (वीज आणणारी) आणि न्यूट्रलच्या (वीज परत नेणारी) पिना सुमारे ५ मिलिमीटर जाडीच्या असतात, अर्थिंगची सुमारे ७. दोन सेंटिमीटर लांबीच्या, ५ मिलिमीटर जाडीच्या पितळी पिनेचा रोध एका ओहमच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी भरतो. तिला जोडलेल्या दोनेक मीटर वायरचा रोध त्याच्या शेकडो पट असतो. मग पिन जाड करून रोधात काय वाचणार? जाडीचं काम वेगळंच आहे. अर्थिंगची पिन उपकरणाच्या धातूच्या बॉडीला जोडलेली असते, म्हणून ती चुकूनही फेजच्या भोकात शिरता कामा नये. शिरली, तर इस्त्रीच्या किंवा मिक्सरच्या धातूच्या भागाला थेट २३० व्होल्ट मिळतील.

हीच युक्ती एक पायरी वर १६ अँपिअरच्या प्लगमध्ये दिसते. त्याच्या फेज-न्यूट्रलच्या पिनाच सुमारे ७ मिलिमीटरच्या, त्यामुळे गिझरचा प्लग पंख्या-दिव्यांच्या बारीक वायरवरच्या सॉकेटमध्ये बसत नाही. अर्थात मोठा प्लग लहान सॉकेटात बसवणारा कन्व्हर्टर बाजारात मिळतो आणि ही सगळी हुशारी स्वस्तात बाद होते.

हा गोल पिनांचा घाट मूळचा ब्रिटिश, १९३४च्या बीएस ५४६ या मानकातला. आपलं आयएस १२९३ त्याच वळणाचं आहे. ब्रिटननं मात्र १९४७मध्ये चौकोनी पिनांचा, आत फ्यूज असलेला नवा प्लग आणला.

आता फट. पितळ एका अंशाला लांबीच्या दशलक्षांश १९ भाग इतकं प्रसरण पावतं. ५ मिलिमीटरची पिन ५० अंशांनी तापली तरी ती फुगेल जेमतेम मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाइतकी. तेवढ्यासाठी कुणी पिन चिरत नाही. फटीमुळे पिनेला स्प्रिंगसारखी लवचीकता येते आणि ती सॉकेटच्या नळीत घट्ट बसते. जुने वायरमन सैल झालेली पिन स्क्रूड्रायव्हरनं किंचित फाकवतात ती याचसाठी. हल्ली बऱ्याच प्लगांच्या पिना भरीव असतात, कारण स्प्रिंगचं काम सॉकेटकडे गेलं आहे.

हा घट्टपणा का हवा, ते गिझरवर पाहू. २,००० वॅटचा गिझर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. सैल पिनेपाशी ०.२ ओहम रोध तयार झाला, तर तिथे १५ वॅट उष्णता निघते. म्हणजे जुना झिरोचा बल्ब जेवढी वीज खाई, तेवढी सगळी एका पिनेच्या टोकाशी. प्लास्टिक काळं पडतं, जळका वास येतो, पण एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच) पडत नाही, कारण प्रवाह मर्यादेतच असतो.

अर्थिंगची पिन लांबही असते. प्लग घालताना ती सगळ्यात आधी टेकते आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटते, म्हणजे फेज जोडलेला असेपर्यंत बॉडीचं अर्थिंग सुटत नाही. अनेक सॉकेटांत तीच शिरताना आतली झडप उघडते. एरवी फेज-न्यूट्रलची भोकं बंद असल्यामुळे पोराटोरांनी केसाची पिन खुपसली तरी ती आत जात नाही. दोन पिनांचा चार्जर बसत नाही म्हणून वरच्या भोकात पेन घालून झडप उघडणारी मोठी माणसं घरोघरी आहेत, हा भाग वेगळा. झडपेची सोय चार वर्षांच्या मुलासाठी होती, पेनवाल्यांचा विचार कुणी केला नसावा!

पिन कितीही चांगली असली, तरी तिच्यामागची वायर जमिनीपर्यंत नीट पोहोचलेली हवी. समजा फ्रिजच्या बॉडीला फेज टेकला आणि अर्थिंगच्या वाटेचा रोध १० ओहम आहे. प्रवाह होईल २३ अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी एवढ्यानं झटक्यात पडत नाही, तापत तापत सावकाश पडतो. दरम्यान बॉडीवर वीज असतेच. म्हणून बोर्डात आरसीसीबी लागते. ती फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह ताडून पाहते. फरक ३० मिलिअँपिअरवर गेला, की क्षणार्धात वीज तोडते.

जुन्या इमारतींत मात्र अर्थिंगची वायरच नसलेली तीन भोकांची सॉकेटं सापडतात. त्याहून वाईट म्हणजे वायर ओढायचा कंटाळा करून न्यूट्रलवरूनच तुकडा अर्थिंगच्या स्क्रूला जोडलेला असतो. टेस्टर लावला तर सगळं ठीक दिसतं, उपकरणही नीट चालतं. पण न्यूट्रल मागे कुठे तुटला, तर फेज उपकरणातून फिरून त्या तुकड्यावर येतो आणि ती जाड, लांब पिन तो बॉडीवर नेऊन ठेवते.