डिस्कविरहित संगणक

स्वतःची हार्ड डिस्क नसलेला, कार्यप्रणालीपासून फाइलींपर्यंत सारे काही नेटवर्कवरून मध्यवर्ती सर्व्हरकडून घेणारा संगणक. थिन क्लायंटशी त्याची नेहमी गल्लत होते. थिन क्लायंटवर नुसता पडदा दिसतो, काम सर्व्हरचा प्रोसेसर करतो. डिस्कविरहित संगणक मात्र आपल्याच प्रोसेसरवर आणि रॅमवर राबतो. उसनी असते ती फक्त साठवण.

बटण दाबले की नेटवर्क कार्डातला पीएक्सई हा नेटवर्कवरून यंत्र सुरू करणारा प्रोग्रॅम डीएचसीपी सर्व्हरकडे, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरकडे, आयपी पत्ता (नेटवर्कवरची ओळख) मागतो. पत्त्यासोबत बूट फाइलचे (यंत्र सुरू करणाऱ्या फाइलचे) नाव येते, ती फाइल टीएफटीपी या साध्या फाइल-वाहतूक पद्धतीने उतरते आणि पुढे सर्व्हरवरची साठवण एनएफएस (सर्व्हरवरच्या फाइली वापरू देणारी पद्धत) किंवा आयस्कझी (सर्व्हरवरची डिस्क आपलीच असल्यासारखी दाखवणारी पद्धत) यांमार्फत दिसू लागते.

१९८०च्या दशकात या पद्धतीचे मुख्य कारण हार्ड डिस्कची किंमत हे होते. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये एनएफएस आणले आणि १९८६ च्या सन-३/५० या यंत्रात ४ मेगाबाइट रॅम दिली, डिस्क दिलीच नाही. रॅम अपुरी पडली की स्वॅपचीही (रॅममध्ये न मावणाऱ्या, डिस्कवर ठेवाव्या लागणाऱ्या माहितीचीही) ये-जा १० मेगाबिटच्या सामायिक इथरनेटवरून होई. एकाची रॅम कमी पडली की शेजाऱ्यांचीही कामे मंदावत.

आज डिस्क स्वस्त आहे, तरी शाळा-महाविद्यालयांच्या लॅबमध्ये ही पद्धत सोयीची पडते, ती देखभालीमुळे. चाळीस यंत्रांवर एकेक करून सॉफ्टवेअर टाकण्याऐवजी सर्व्हरवरची एकच इमेज (कार्यप्रणाली आणि सॉफ्टवेअरची तयार प्रत) सुधारायची. ती इमेज फक्त वाचण्यापुरती ठेवली, तर विद्यार्थ्याने केलेले बदल रॅममध्येच राहतात आणि यंत्र पुन्हा सुरू केले की पुसले जातात. व्हायरसचेही बहुधा तेच होते. अर्थात, सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये न ठेवलेला प्रकल्पही त्यासोबत जातो. वीज गेली तरी डिस्क बिघडण्याची धास्ती फक्त सर्व्हरपुरती; यूपीएस आधी त्यालाच द्यावा.

मात्र तास सुरू होताच चाळीसही यंत्रे एकदम चालू झाली, तर सर्व्हरच्या १ गिगाबिट जोडणीतून प्रत्येकाच्या वाट्याला २५ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला जेमतेम ३ मेगाबाइट येतात. साधी हार्ड डिस्कही याच्या कितीतरी पट वेगाने वाचते. सर्व्हरला एसएसडी, भरपूर रॅम आणि १० गिगाबिटची जोडणी दिली की हा त्रास बराच हटतो, पण वाचलेले पैसे तिथे खर्ची पडतात. पाच-सहा यंत्रांसाठी हा खटाटोप करू नये.

सर्व्हर पडला, तर सगळी लॅब थांबते. एनएफएसवर चालणाऱ्या यंत्रावर 'सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्राइंग' असा संदेश उमटतो. माउसचा बाण कधी कधी हलतो, पण फाइल उघडायला गेले की सारे थिजते. एनएफएसची जोडणी 'हार्ड' प्रकारची असेल, तर यंत्र हार न मानता विचारत राहते आणि सर्व्हर परतला की काम अडले होते तिथूनच पुढे सरकते.

सुरक्षेची बाजू लंगडी आहे. टीएफटीपीला पासवर्ड नसतो, आणि त्याच नेटवर्कवर कुणी दुसरा डीएचसीपी सर्व्हर जोडला, तर यंत्र त्याचेही ऐकते. म्हणून लॅबचे नेटवर्क वेगळे ठेवतात. केबल मात्र हवीच. वाय-फायवर पीएक्सई सहसा चालत नाही.